जखम पिकणार हे आधी सांगणारी बाई

ये गं, इकडं सरक. अशी उंबऱ्यात टेकून बसू नको पाहुणीसारखी. गेल्या रविवारी आलीस, पायातली चप्पलसुद्धा काढली न्हाईस, घोटभर चहा उभ्यानंच ढोसलास अन् निघालीस. म्हणे, "आजी, ड्युटी हाय." तुझी ड्युटी मी काय कणगीत दडवून ठेवणार होते का? बरं, जाता जाता सांगितलंस काय, तर तुमच्या दवाखान्यात आता आपरेशनच्या आधी एक कागद भरतात. वय किती, वजन किती, साखर किती, अंगात रक्त किती, कुठं गळू-बिळू हाय का. त्याच्यावरून आधीच ताडतात म्हणे, कोणाची जखम पिकणार अन् कोणाची न्हाई. इथवर बराबर. पण मंग दात काढलेस अन् म्हणलीस, "तुमच्या काळी कुठलं असलं! तुमचं सगळं देवावर."

तेवढं मला लागलं. सगळं देवावर न्हवतं बाई. आमच्या काळी हे सांगणारी एक बाई होती. तिला मी या डोळ्यांनी पाह्यलं, अन् तिचं आम्ही काय केलं तेही पाह्यलं. तोंडानं सांगायला गेले तर तू निम्म्यातून उठशील, म्हणून तू समोर बसलीस असं धरून लिहून राह्यले. जेवायच्या आधी मात्र वाचू नको.

निजामाचं राज्य होतं. लांब कुठं तरी मोठी लढाई चालल्ती अन् तिच्यापायी आमच्याकडं कापड कंट्रोलात गेल्तं. धड एक धडपं मिळायची मारामार. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाल्ती, सतराची असेन. आमचं गाव वडीगोद्रीपासून आतल्या अंगाला. घरात सासू-सासरे, माझा नवरा अन् थोरले दीर, थोरली जाऊ, तिची चार वर्षांची लेक, मी, अन् सगळ्यांच्या वर आजेसासरे. म्हणजे माझ्या सासऱ्याचे वडील. त्यांच्या वयाचं गावात कोणी उरलं न्हवतं. तरी म्हातारा खुटखुटीत, दातानं ऊस सोलायचा.

थोरल्या जावेला मी अक्का म्हणायचे. अक्काच्या पोटात गोळा झाल्ता. सासू म्हणायची, दिवस गेलेत. नऊ गेले, बारा गेले, मूल काही येईना. मंग म्हणली, कोणी तरी काही तरी खाऊ घातलंय. अंगारे झाले, लिंबं झाली. शेवटी अक्काला बसवेना न् उठवेना, तेव्हा गाडी जुपली. दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून घेत जालन्याला पोचलो. दवाखाना कोणता ते सांगत न्हाई. हैदराबादेहून आलेल्या एका डॉक्टरानं स्वतःचा काढल्ता, आता तिथं त्याची वीटसुद्धा न्हाई. सोबत सासू अन् मी. मला नेलं, कारण माझ्या कडेवर लेकरू न्हवतं, अन् घाण काढायला कोणी तरी पाह्यजेच होतं.

घाण म्हणजे काय ते तोवर मला ठाऊक न्हवतं. शेणात हात घालणारी पोर मी, मला वाटायचं मला काय किळस येणार! बायकांची एक लांब खोली, बारा खाटा. आत पाय टाकला अन् जो वास आला तो आजही माझ्या टाळूला चिकटून आहे. उन्हाळ्यात मेलेली घूस कोठीत राहावी, तसा. गोड वास होता तो. त्याचीच तर शिसारी. खाटेखाली खरकटी ताटं, त्याच्याशेजारी पिंकदाणी, त्याच्याशेजारी गू-मुताचं घमेलं, अन् एकच माशी या तिन्हींवर बसून वर रोग्याच्या पट्टीवर जायची. भेटायला येणारी माणसं धुळीच्या पायानं खाटेवर मांडी घालून बसायची. एकीची तर आत्या आल्ती, "बघू तर बाई केवढं कापलंय," म्हणत पट्टी उचलून तिनं बोट लावून पाह्यलं!

पट्ट्या बदलायला एक कंपोंडर होता. गालात कायम पान. हातात तामचिनीची चिलमची, हात धुवायचं पसरट भांडं असतं न्हाई का, तसली. तिच्यात औषधाचं लाल पाणी. पहिल्या खाटेपाशी ते पाणी जांभळाच्या रंगाचं असायचं. बाराव्या खाटेपाशी त्याच्यावर साय धरलेली असायची. पाणी तेच, चिमटा तोच, बोटं तीच. करंगळीचं नख वाढवल्तं मेल्यानं, अन् चिकटलेल्या पट्टीची कड त्या नखानं उचकटायचा. मधीच खिडकीशी जाऊन पिंक टाकायचा, ओठ त्याच बोटांनी पुसायचा अन् पुढच्या खाटेवर. "जल्दी करो बाई, पोट खोलो, मेरेकू और भी काम है." डॉक्टरसाहेबाचा हात सोन्यासारखा होता, मी खोटं बोलणार न्हाई. कापायच्या आधी घासून घासून धुवायचा. पण साहेबानं स्वच्छ शिवलेलं पोट तीन दिवसांनी या नखाच्या ताब्यात जायचं.

अन् तिथं एक आयाबाई होती. साठीची, काटकुळी, नाकाचा शेंडा लाल. घमेली उचलणं, फरशी पुसणं हे तिचं काम. पण नवीन बाई खाटेवर आली की आयाबाई जवळ यायची, बोटानं डोळ्याखालची पापणी ओढून आत लाली आहे का बघायची. "आ कर" म्हणून दात बघायची. अंगावर कुठं फोड, गळू, नखुरडं आहे का विचारायची. मोरीत जाऊन त्या बाईच्या लघवीवर मुंग्या लागल्यात का ते वाकून बघायची. अन् शेवटी सोबतच्या बाईचे हात धरून, हसू नको, त्यांचा वास घ्यायची! मंग सांगून टाकायची. "ही सुखरूप घरी जाईल." न्हाई तर, "हिची पिकंल."

जालन्यातल्याच मस्तगडातल्या एका दुकानदाराची बायको आल्ती, गोरीपान, हात हे एवढाले. पाठीवरची गाठ काढायची होती. आयाबाई मोरीतून आली अन् साहेबाला म्हणली, "साहेब, हिच्या मुताला मुंग्यांची रांग लागलीय. हिची जखम सांधायची न्हाई." साहेब घाईत होता. गाठ काढली. सहाव्या दिवशी त्या बाईची पाठ फणसासारखी उकलली. अन् तिच्या घरचे काय म्हणले असतील? "ही काळ्या जिभेची. हिनं म्हणलं म्हणून झालं."

हे एकदा सुरू झालं की थांबतंय का? आयाबाई दिसली की बाया रोग्याचं तोंड भिंतीकडं फिरवायच्या. कोणी तिच्या माघारी मीठ टाकायचं. सगळ्यांत पुढं आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. अक्काच्या खाटेला त्यांनी काळा दोरा बांधला अन् मला ताकीद दिली, "ती इकडं फिरकली तर आडवी हो."

अक्काचं आपरेशन झालं. गोळा निघाला, नारळाएवढा. साहेब खूश होता. म्हणला, पहिल्या पट्टीला दवाखान्याचं कापड हाय, पण तिसऱ्या दिवसापासून कापड तुमचं तुम्ही आणा, आमच्याकडं राह्यलं न्हाई. जुनं मऊ सुती धडपं, उकळून, उन्हात वाळवून.

आता ऐक, इथंच आमचं चुकलं. आमच्या घरची एक रीत होती. लेकरू जन्मलं की त्याचं पहिलं अंगडं घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या कपड्याचं शिवायचं. त्याचं आयुष्य लेकराला लागावं म्हणून. अन् ते धुवायचं न्हाई. धुतलं की आयुष्य पाण्यासंगं वाहून जातं. माझा नवरा, माझे दीर, अक्काची लेक, सगळी आजेसासऱ्याच्या धोतरात गुंडाळलेली. तेव्हा आत्याबाईंनी गावाहून निघतानाच म्हाताऱ्याचं पागोटं मागून आणल्तं. "अक्काचा नवा जल्मच हाय हा," म्हणल्या. "म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य तिच्या पोटाला बांधते."

त्या पागोट्याची गोष्ट मी काय सांगू! एके काळी पांढरं होतं म्हणे. मी पाह्यलं तेव्हा काकवीच्या रंगाचं. म्हातारा त्यानं घाम पुसायचा, नाक पुसायचा, बैलाचे डोळे पुसायचा, त्याच्यात भाकर बांधायचा अन् पुन्हा डोक्याला गुंडाळायचा. पण कापड खरंच मऊ होतं, लोण्यासारखं. आत्याबाईंनी दाताखाली धरून टराटरा पट्ट्या फाडल्या. मी म्हणलं, "आत्याबाई, उकळायच्या म्हणले ना साहेब?"

"साहेबाला काय ठाऊक आपली रीत? तू दोन बुकं वाचलीस म्हणून मला शिकवू नको."

दोन बुकं तरी कुठली, भिंतीवर कोळशानं गिरवलेली अक्षरं. अन् फाडलेल्या पट्ट्या गुंडाळायला लागले.

तेवढ्यात आयाबाई घमेलं घ्यायला आली. आत्याबाईंच्या मांडीवरची पट्टी उचलली, नाकाशी नेली, अन् लगेच लांब धरली. अक्काकडं बघून म्हणली, "पोरी, तुझी लाली बरी, दात बरे, मुंग्या न्हाईत. तू घरी जायची. पण हे फडकं लागलं तर पाचव्या दिवशी पिकशील."

"तुझ्या जिभेला पिकू दे!" आत्याबाई उठल्याच. "आमच्या म्हाताऱ्याला फडकं म्हणती! चल हो भायेर, सटवे."

"म्हाताऱ्याला न्हाई वं माय, त्याच्या उवांना म्हणते," आयाबाई म्हणली अन् घमेलं उचलून गेली. पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. अक्का न्हाई हसली. तिनं माझं मनगट धरलं. "खरं असंल का गं? माझी लेक लहान हाय. ती सवतीच्या हाताखाली वाढंल गं."

मी काय म्हणले असेन? "न्हाई वं अक्का, तुम्ही झोपा." असं म्हणले. अन् तिसऱ्या दिवशी त्या नखवाल्या कंपोंडरच्या हातात पागोट्याची पट्टी मीच दिली. या हातानं.

चौथा दिवस बरा गेला. आत्याबाई साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणल्या, "बघा, माझी सून बसून पेज प्याली." पाचव्या दिवशी दुपारी अक्काला हुडहुडी भरली. संध्याकाळी अंग तव्यासारखं. अन् सहाव्या दिवशी पहाटे मला जाग आली ती वासानं. तोच, गोड. मी आधी दुसऱ्या खाटांकडं बघितलं. माझ्या अक्काचा न्हाई, माझ्या अक्काचा न्हाई, असं म्हणत बघितलं. मंग तिच्या अंगावरची वाकळ उचलली. पट्टी हिरवी झाल्ती. मी पदर नाकाला लावला अन् पळाले, निंबाखाली जाऊन ओकले. ती माझ्याकडं बघून राह्यली होती, अन् मी पळाले.

साहेब आला. पट्टी काढली, दोन टाके कापले. पुवाची धार लागली, वाटीभर निघाला. "क्या लगाया ये?" साहेब ओरडला. पण आत्याबाईंनी त्याला बोलूच कुठं दिलं? छाती बडवायला लागल्या. "या रांडंनं करणी केली साहेब! पाचव्या दिवशी पिकंल म्हणली अन् बराबर पाचव्या दिवशी! इचारा साऱ्यांना!" मस्तगडवाल्या बाईच्या घरचेही उठले. आमच्याही वेळेला हेच, आमच्याही वेळेला हेच. कंपोंडर पान चघळत म्हणला, "हां साब, बहोत मनहूस औरत है."

साहेबानं माझ्याकडं बघितलं. मी बोलायची न्हाई म्हणून असेल, माझ्याकडंच बघितलं. "ये बोली थी क्या?"

"हो," मी म्हणले. "बोलल्या होत्या."

बस. एवढंच. कशावरून बोलल्या, कोणत्या कापडाला बोलल्या, ते माझ्या तोंडून निघालं न्हाई. आत्याबाई शेजारी होत्या, त्यांचा हात माझ्या दंडावर होता. साहेबानं कपाळाला हात लावला अन् आयाबाईला म्हणला, "तुम आंगन झाडो. अंदर नहीं आना." रोगी पळून जातील याची त्याला भीती, दुसरं काय. आयाबाईनं आमच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. फडकं बादलीवर टाकलं अन् गेली.

साहेब जाता जाता पुन्हा बजावून गेला, कापड रोज उकळून पाह्यजे, न्हाई तर विष रक्तात जाईल अन् बाई हातची जाईल. आत्याबाईंनी माझ्या कानात सांगितलं, "आता तर म्हाताऱ्याचंच लाव. आता तर जास्तच गरज हाय तिला."

अक्का तापात लेकीला हाका मारून राह्यली होती. मला म्हणायची, तिला पाणी दे, तिची वेणी घाल. मी अंगणात गेले. आयाबाई निंबाचा पाला झाडून राह्यली होती. मी म्हणलं, "आयाबाई, काय करू?"

"आता आलीस व्हय?" झाडणं थांबवलं न्हाई. "तव्हा तोंडात गुळणी धरल्तीस."

मी रडायला लागले.

"रडून पू धुतला जात न्हाई. ते पागोटं उकळ. अन् सासूच्या डोळ्यापुढं उकळ, लपून न्हाई. मी उकळलं तर जादू म्हणतील, तू उकळलं तर निदान तुला मारतील."

आत्याबाई मस्तगडात ओळखीच्या घरी ताक आणायला गेल्त्या. निंबाखाली आमची तीन दगडांची चूल होती. मी वरणाचं मोठं पातेलं घेतलं, पाणी ओतलं, सगळ्या पट्ट्या आत टाकल्या, झाकण ठेवलं. पाण्याला आधण आलं अन् आत्याबाई आल्या. झाकणाखालून फेस उतू जाऊन राह्यला होता, पिवळा.

"बरं केलंस, वरण टाकलंस," म्हणल्या. "आज तुरीचं का?" अन् झाकण उचलून वाकल्या.

काय होतं आत ते सांगते, तू नर्स आहेस, सोस. वर तुपासारखा बोटभर तवंग. काळा. त्याच्यात तंबाखूचा चुरा, बैलाच्या डोळ्याची चिपडं सुटून आलेली, केसांचे गुंते, अन् काठाकाठानं उवा. तांदळाच्या कण्यांसारख्या वर आल्त्या. वाफेला म्हाताऱ्याच्या डोक्याचा वास, अन् त्याच्याखाली जखमेचा, कारण अक्काची काढलेली पट्टीही मी त्याच्यातच टाकल्ती.

आत्याबाईंच्या हातातलं ताक लवंडलं.  मंग बारीक आवाजात म्हणल्या, "म्हाताऱ्याच्या डोक्यात एवढं होतं?"

मला काय झालं ठाऊक न्हाई. म्हणले, "डोक्यात असू द्या आत्याबाई. तीन दिवस अक्काच्या पोटात होतं."

ठाडकन कानाखाली बसली. अजून त्या कानानं मला कमी ऐकू येतं, तुम्ही पोरं हसता त्याला. पण मंग त्या खाली बसल्या, निंबाची काडी घेतली अन् स्वतःच पातेलं ढवळायला लागल्या. ते पाणी लांब नेऊन ओतलं, दुसरं चढवलं. दुसरं ओतलं, तिसरं चढवलं. तिसऱ्या पाण्याला कापड पांढरं निघालं. दोघींनी निंबाच्या फांदीवर न्हाई, दोरी बांधून कडक उन्हात वाळवलं.  त्या पातेल्यात नंतर घरात कोणी काही शिजवलं न्हाई, ते गुरांच्या सरकीला गेलं.

कंपोंडरला मी अक्काला शिवू दिलं न्हाई. त्याची चिलमची खोलीत फिरायच्या आधीच, पहिल्या खाटेच्याही आधी, साहेबाला सांगून लाल दवा वाटीत घ्यायचे अन् माझ्या हातानं जखम धुवायचे. हात राखेनं घासायचे, नखं दगडावर घासून काढल्ती. सुरवातीला रोज ओकारी यायची. जखमेत भोकर मावेल एवढी पोकळी होती, आतून लाल मांस दिसायचं, त्याच्यावर पुवाचा पापुद्रा. वास घ्यायला आयाबाईनंच शिकवलं. काढलेली पट्टी मी खिडकीतून तिला द्यायचे, ती अंगणातून नाकाशी धरायची. "कालच्यापेक्षा कमी हाय." "आज बराबर हाय." अकराव्या-बाराव्या दिवशी ताप उतरला. अक्का म्हणली, "भूक लागली." मी भिंतीकडं तोंड करून रडले. जखम आतून भरत भरत यायला दीड महिना लागला, पण अक्का जगली.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी. अक्का वाकून वाकून चालत आत्याबाईंना म्हणली, "आत्याबाई, साहेबाला सांगा ना. आयाबाईचा कसूर न्हवता. तिला आत घ्या म्हणावं."

"आपल्याला काय करायचंय?" आत्याबाई म्हणल्या. "ऊन चढून राह्यलंय. बसा."

आतमधी कंपोंडर खिडकीतून पिंक टाकून राह्यला होता. त्याला कोणी काही म्हणलं न्हाई, पुढंही म्हणलं न्हाई. मस्तगडवाली बाई मेल्ती, त्याचाही ठपका आयाबाईवरच गेल्ता. मी साहेबाच्या दारापर्यंत गेले, खरं सांगते. पडद्याला हात लावला. आतून साहेब कोणाशी तरी बोलून राह्यला होता. उभी राह्यले, अन् मंग गाडीत येऊन बसले. सासूला भ्याले म्हणू का? थप्पड तर खाऊन झाल्ती. बाईमाणसानं साहेबापुढं बोलावं कसं, असं मनाला सांगितलं; दवा मागताना मात्र बोलत होतेच. पुवाची शिसारी मला त्या दीड महिन्यात पार गेली. पण त्या पडद्याशी उभ्या राह्यलेल्या पोरीची आठवण आली की अजून तोंड कडू होतं, चूळ भरावी वाटते.

अक्का मात्र अंगणात गेली. आत्याबाई ओरडल्या, "शिवू नको तिला," तरी गेली अन् आयाबाईच्या पायाला हात लावला. आयाबाईनं तिचं पोट बघितलं, वास घेतला, म्हणली, "भरलं. पण सहा महिने भरली घागर उचलू नको. टाके सुटलेल्या जागी पोट फुगून भायेर येईल."

हेही बराबर सांगितलं. अन् हेही आम्ही ऐकलं न्हाई. तिसऱ्या महिन्यात मला दिवस गेले, ओकाऱ्यांनी मी आडवी पडले अन् घागर अक्काच्या डोक्यावर गेली. मरेपर्यंत तिच्या पोटावर लिंबाएवढा उंचवटा होता, खोकली की वर यायचा. त्याच्यावर तळहात दाबून ती खोकायची. तिनं कधी कोणाला बोल लावला न्हाई. आम्ही दोघी निवडायला बसलो की कधी कधी म्हणायची, "आयाबाईला एक लुगडं न्यायला पाह्यजे होतं गं." पुढं एकदा मी नेलंही. पण तोवर दवाखाना बंद पडल्ता, अन् अंगण झाडणारी बाई कुठं राहते हे कोणालाच ठाऊक न्हवतं. ते लुगडं घेऊन तशीच परत आले.

लई लिहिलं. बोटं आखडली. आता तू ये. ड्युटी संपवून ये, रातच्याला मुक्कामाला ये, दोन घास बसून खा. मला तुझ्याशी भांडायचं न्हाई, तुझ्या दवाखान्यात घमेली उचलणाऱ्या बायांना कोणी काही विचारतं का, तेवढं मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. लई दिवस लावू नको, पोळ्याच्या आत ये.